वाचायला बसायचं कुठं?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मुंबईच्या चर्नी रोड स्टेशनाजवळच्या बागेत, शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी पुस्तक उघडून बसलेला दिसे. त्याच बागेत येणाऱ्या विल्सन हायस्कूलच्या एका शिक्षकांनी त्याची विचारपूस केली. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा भीमराव आंबेडकर. शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर. धनंजय कीरांपासून बहुतेक सगळ्या चरित्रकारांनी ही भेट सांगितली आहे आणि तिच्यातून पुढे काय घडलं, हेही सविस्तर लिहिलं आहे. पण मुळात हा मुलगा वाचायला बागेत का बसत होता?

घरी जागा नव्हती, हे त्याचं सरळ उत्तर. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून कुटुंब घेऊन मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत. तिथेच चूल, तिथेच भांडीकुंडी, तिथेच अंथरुणं. दोन माणसांनी एकाच वेळी पाय पसरावेत एवढीही सोय नव्हती. म्हणून बापलेकांनी रात्र वाटून घेतली. भीमरावांनी लवकर निजायचं. वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागं राहून मुलाला उठवायचं आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवं व्हायचं. कीरांनी या खोलीचं वर्णन करताना उशाशी जातं, पायाशी शेळी आणि काच नसलेली रॉकेलची चिमणी यांची नोंद केली आहे. पुस्तकांसाठी रामजी लग्न झालेल्या लेकीचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पेन्शन आलं की सोडवून परत देत. पुस्तक मिळवता येत होतं, उसनवारीनं का होईना. कोपरा मिळवता येत नव्हता.

आंबेडकर जयंतीला आपल्याकडे कॉलेजांतून ‘सलग 18 तास अभ्यास’ असा उपक्रम होतो. मुलं सकाळी सहाला बसतात, मध्यरात्री उठतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. उपक्रमाविषयी माझी तक्रार नाही. पण बाबासाहेबांच्या वाचनाचे तास मोजण्याची आपल्याला जेवढी हौस आहे, तेवढी त्यांच्या वाचनाच्या जागा मोजण्याची नाही. त्या पाहत गेलं की त्यांच्या चरित्राची एक वेगळीच वाट दिसते. बसायचं कुठं, हे पुष्कळदा दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. शाळेत तर अक्षरशः. वर्गात बाकीच्यांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचं आणि संध्याकाळी तो तुकडा घरी न्यायचा, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावायचा नाही. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. काय वाचायचं, यावरही पहारा होताच. हायस्कुलात त्यांना संस्कृत हवं होतं, ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले.

केळुसकरांनी या मुलाला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. त्यांतलं एक त्यांचं स्वतःचंच होतं, 1898 साली प्रसिद्ध झालेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र. हे पुस्तक नेमकं केव्हा दिलं, यावर दोन हकिकती आहेत. कीरांच्या मते 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारसभेत, सी. के. बोले अध्यक्ष असताना. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’साठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्याचा आहे आणि अध्यक्ष खुद्द दादा केळुसकर. वडिलांना हा समारंभ नको होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल अशी भीती होती. केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, असंही त्यात आहे. साल कोणतंही धरा, पुस्तक बदलत नाही. घरात रामायण-महाभारताचं पारायण सक्तीनं चाले आणि ते आपल्यावर का लादता, म्हणून हा मुलगा बापाशी वाद घाली. अशा वेळी हाती आलेल्या बुद्धचरित्रानं मनावर खोल ठसा उमटवला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. एका वाचकाच्या आवडत्या पुस्तकाचा माग इतका स्पष्ट लागणं दुर्मीळच. मरणाच्या आदल्या रात्री, 5 डिसेंबर 1956ला, दिल्लीतल्या 26 अलीपूर रोडवरच्या घरी ते त्याच विषयावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ घेऊन बसले होते.

केळुसकरांचं ते चरित्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेलं होतं. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी केळुसकर भीमरावांना घेऊन सयाजीरावांकडेच गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा 25 रुपये मंजूर केले. 1913 साली कोलंबिया विद्यापीठासाठी महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्तीही त्यांनीच दिली. याच राजानं 1910 साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं होतं. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत. बडोद्यात बायकांसाठी वेगळं वाचनालय होतं, मुलांसाठी वेगळं. हिंदुस्थानातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याला बडोद्याला यावंच लागतं.

आणि नेमक्या त्याच बडोद्यात, 1917च्या सप्टेंबरात, कोलंबिया आणि मग लंडनमध्ये शिकून परतलेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळेना. परतीच्या प्रवासातच मोठा फटका बसला होता. मागून येणारं सामान ज्या जहाजावर होतं ते पाणतीरानं बुडालं आणि त्याबरोबर ग्रंथही गेले. भरपाई मिळाली 600 रुपये. न्यूयॉर्कमध्ये जुन्या बाजारातून दोनेक हजार पुस्तकं जमवली होती, ती एका मित्राच्या हवाली केली होती. त्यांतलीही थोडीच हाती लागली. अशा अवस्थेत ते संस्थानाच्या करारातली नोकरी करायला बडोद्याला आले.

हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. एक पारशी वसतिगृह सापडलं. रखवालदारानं पारशी नाव लावायच्या अटीवर, रोजच्या दीड रुपयावर, माडीवरची जागा दिली. एक लहानशी खोली आणि तिला लागून मोठा दिवाणखाना, ज्यात फळकुटं, बाकं, मोडक्या खुर्च्या असलं अडगळीचं सामान. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री ही माडी. विजेचे दिवे नव्हते. रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड वीतभरापलीकडे जात नसे. बोलायला कुणी नाही, म्हणून ते वाचत बसत. वाचनात एकटेपण विसरायला होई, पण दिवाणखान्यात वटवाघळं होती आणि त्यांच्या फडफडाटानं लक्ष पुन्हा त्या जागेवर येई. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. त्या दिवशी सगळं शहर पालथं घालूनही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या रात्रीच्या गाडीला पाच तास होते, ते त्यांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत काढले. पुन्हा बागच.

ही हकिकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मकथनात आहे. जातीच्या अनुभवाचा दाखला म्हणून ती पुष्कळदा उद्धृत होते आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते ती वाचनाविषयीचीही एक मोठी नोंद आहे. ‘पुस्तकासारखा मित्र नाही’ हे आपण शाळेच्या भिंतीवर रंगवतो. इथे माणसानं माणसाची संगत नाकारल्यावर पुस्तकाशी केलेली मैत्री आहे, आणि ती पुरली नाही, असं सांगण्याचा प्रामाणिकपणाही आहे. ज्या गावात फिरती वाचनालयं सुरू झाली, त्या गावात वाचकाला वीतभर उजेडापलीकडे काही मिळालं नाही. योजना राजाची होती, घरं गावकऱ्यांची.

लंडनच्या दुसऱ्या मुक्कामातल्या (1920 ते 1923) वाचनाच्या आठवणी त्यामानानं अधिक परिचित आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या घुमटाखालची गोल वाचनशाळा उघडताना आत जायचं, बंद होताना बाहेर पडायचं. दुपारचं जेवण जवळजवळ नाहीच. रात्री भुकेनं पोटात आग पडली की एका परिचितानं दिलेल्या पापडांतले चार भाजून खायचे आणि पुन्हा वाचायचं. खोलीतल्या सोबत्यानं झोपायचा आग्रह केला, तर उत्तर ठरलेलं असे: पैसा नाही आणि वेळही नाही. प्रिमरोज हिलजवळच्या 10, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर ते 1921-22 साली राहत होते. ते घर 2015 साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं.

पण मला लंडनपेक्षा परत आल्यानंतरची एक लहान नोंद महत्त्वाची वाटते. 20 जुलै 1924ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचं वसतिगृह आहे, विद्यार्थ्यांचं मासिक आहे, मुंबईतला हॉकी क्लब आहे आणि एक मोफत वाचनालय आहे. त्या काळी मराठी मुलखात वाचनालयांचं अप्रूप उरलं नव्हतं. रत्नागिरीचं 1828चं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं. पुण्याच्या वाचनालयाशी लोकहितवादींचं नाव जोडलेलं आहे, आणि त्याच साली, त्याच शहरात फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली. म्हणजे वाचकांची एक नवी पिढी शहराच्या एका टोकाला अक्षरं गिरवत होती आणि वर्तमानपत्रांनी भरलेलं टेबल दुसऱ्या टोकाला मांडलं जात होतं. मधलं अंतर ओलांडायला पाऊणशे वर्षं लागली, तीही परळच्या माणसांनी स्वतःचं टेबल स्वतः मांडलं म्हणून.

बाबासाहेबांचं बिऱ्हाड तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत होतं. प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळी. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 अशा समोरासमोरच्या दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत पुस्तकं. चाळीत दोन खोल्या असणं हीच चैन होती, आणि त्यातली एक पुस्तकांना देणं म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी दाटीवाटीनं राहणं. त्याची किंमत रमाबाईंनी मोजली. नवरा परदेशात शिकत असताना त्या या चाळीत अर्धपोटी दिवस काढत होत्या आणि पोटची मुलं गमावत होत्या. कुणाच्याही निवांत वाचनामागे दुसऱ्या कुणाचं तरी न थांबणारं काम असतं, हे आपल्या वाचनसंस्कृतीच्या परिसंवादांत कधी निघत नाही.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधलं आणि त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव दिलं, राजगृह. खाली कुटुंब, वर ग्रंथालय. हातात पैसा आला की माणसं दिवाणखाना बांधतात. इथे पुस्तकांच्या मापानं घर बांधलं गेलं. आता हवी तिथे खुर्ची टाकून वाचता येत होतं. पण दोन वर्षंही नीट गेली नाहीत तोच, 27 मे 1935ला, रमाबाई याच घरात गेल्या.

तो संग्रह त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा त्यातला मोठा भाग तिथल्या ग्रंथालयाला गेला. 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या, घरी दिवाही नसलेल्या मुलांना तिथे टेबल आणि उजेड मिळाला. दलित साहित्याची सुरुवातीची चळवळ या परिसरात घुमली, त्यात या टेबलांचाही वाटा आहे, असं मी मानतो.

आजही वाचायला जागा नसणं संपलेलं नाही, फक्त तिचं नाव ‘अभ्यासिका’ झालं आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची आणि चार्जिंगचा प्लग भाड्यानं घेतात. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतही अभ्यासिका सकाळीच भरते आणि शेजारची कादंबऱ्यांची कपाटं कुलूपबंद राहतात. यावर नाकं मुरडणारे ग्रंथप्रेमी मला भेटतात. त्या मुलांच्या खोल्या एकदा पाहून याव्यात, एवढंच मी त्यांना म्हणतो. बौद्ध वस्त्यांतल्या कित्येक विहारांत संध्याकाळची वंदना झाली की तीच सतरंजी अभ्यासिकेची होते. तिथे भाडं नसतं.

आणि 6 डिसेंबरचं शिवाजी पार्क. चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभं राहून आलेली माणसं मैदानातल्या पुस्तकांच्या स्टॉलांवर गर्दी करतात. मूर्ती, कॅलेंडरं, कॅसेटी होत्या तेव्हा कॅसेटी, हे सगळं असतंच. पण पिशव्या जड होतात त्या पुस्तकांनी. विकत घेतलेलं पुस्तक घरी नेईपर्यंत कुणाला धीर नसतो. मैदानात वर्तमानपत्र अंथरून, शिदोरी बाजूला सारून, एक जण मोठ्यानं वाचतो आणि घरची बाकीची मंडळी ऐकतात. सरकारनं 1979पासून काढायला घेतलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, ज्यांच्या संपादनासाठी वसंत मून यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं दिली, त्यांची मागणी तर कधी आटतच नाही. आटते ती छपाई. छपाई रखडल्याच्या बातमीवरून 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. सरकारी स्टॉलसमोर तरीही रांग लागते. मराठी लेखन-भाषणांच्या अठराव्या खंडाचे तीनही भाग एकदम हवेत, असं काउंटरवर सांगणारे बहुधा लांबच्या गावाहून आलेले असतात, आणि दोनच शिल्लक आहेत म्हटलं तर ते दोन घेऊन तिसऱ्यासाठी पुढच्या वर्षीचा नंबर लावू पाहतात.