मोटारींची बोली

बिनड्रायव्हरची मोटार म्हटली की जो तो त्या रिकाम्या सीटकडे पाहून थक्क होतो. मला त्या सीटचे फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते या नव्या मोटारींना एकमेकींशी बोलता येते, याचे. मराठीच्या मास्तराला दुसरे काय सुचणार, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे!

आमच्या देवळाली कॅम्पात तोफखान्याचे विद्यालय असल्यामुळे लॅम रोडवर लष्करी गाड्यांचा ताफा पुष्कळदा पाहावयास मिळतो. एकीमागे एक, ठरल्या अंतराने, ठरल्या वेगाने. मध्येच कोणी घुसत नाही, उगीच कोणी हॉर्न वाजवीत नाही. कॉलेजला उशीर होत असताना अशा ताफ्यामागे रिक्षा अडकली की जीव चडफडतो, ही गोष्ट वेगळी.

असाच ताफा बिनतारी संदेशाने बांधला तर? एप्रिल २०१६ मध्ये युरोपातील सहा कंपन्यांच्या मालमोटारी अशा ताफ्यांनी निरनिराळ्या देशांतून रॉटरडॅमला आल्या. आत ड्रायव्हर होतेच. पण पुढच्या गाडीचा ब्रेक लागला की मागचीचा आपोआप लागत असे. माणसाचे तसे नाही. पुढचा लाल दिवा डोळ्यांनी टिपायचा, मेंदूने ओळखायचा, मग पायाने हुकूम पाळायचा. यात एखादा सेकंद सहज जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेली असते.

आता आपल्या रस्त्यांवरची बोली पाहा. कसारा घाटात पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकू लागला. अर्थ काय समजायचा? 'मी उजवीकडे वळतो आहे' की 'रस्ता मोकळा आहे, ये पुढे'? दोन्ही अर्थ रूढ आहेत. कवितेत श्लेष शोभतो; घाटात तो जीव घेतो. 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांचा अन्वय तर माझ्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांनाही लावता आलेला नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ते शब्द गाड्यांवर लिहिण्यास बंदीच झाली! एकट्या २०२२ सालात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सगळीच काही गैरसमजाने नव्हेत, वेगाचा हव्यास हे मोठे कारण. परंतु समोरच्याच्या मनात काय आहे ते न कळल्याने किती गेली असतील!

बोलक्या मोटारीत असा घोटाळा राहत नाही. आपण कोठे आहोत, किती वेगाने, कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे ती सेकंदाला सुमारे दहा वेळा आसपासच्या गाड्यांना कळवते. वळणापलीकडची किंवा धुक्यातली गाडी दिसण्याआधीच समजते. आपल्या रेल्वेला ही विद्या अपरिचित नाही. ४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेवर 'कवच' यंत्रणेची परीक्षा झाली. समोरासमोर येणारी दोन इंजिने, त्यांतल्या एकात खुद्द रेल्वेमंत्री; आणि दोन्ही इंजिने ३८० मीटर अंतर राखून आपोआप थांबली.

पण रूळ निराळे आणि लॅम रोड निराळा. येथे शेळ्या आहेत, भाजीची हातगाडी आहे, उलट्या बाजूने येणारी स्कूटर आहे. यांच्यापाशी बिनतारी यंत्र कोठून असणार? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी गावी, चाचणी चालू असलेल्या एका स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा बळी घेतला. बाई सायकल हाताने ढकलीत चालली होती. यंत्राला ती पाच सेकंद आधी दिसलीही होती. पण ही मोटार, की सायकल, की आणखी काही, हेच त्याला ठरवता येईना. नाव ठरेना, म्हणून ती कोठे जाणार तेही ठरेना. देखरेखीला बसलेल्या माणसाची नजर रस्त्यावर नव्हती.

ड्रायव्हरांची रोजी जाईल म्हणून बिनड्रायव्हरच्या मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी २०२३ मध्ये म्हणाले. मला ते पटते. मात्र ड्रायव्हर काढणे आणि गाडीला वाचा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे पहिल्यावाचून करता येते, आणि ते एस. टी. व मालट्रकपासून सुरू करावे, असे माझे मत आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवतात. त्यांना मी हे सारे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सर, समोरच्याच्या गाडीतबी ते यंत्र असंल ना?"