विटेवर कोरलेले नाव

माझ्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक गेल्या वर्षी तपासणीचा अहवाल घेऊन आले. उपाशीपोटीची साखर २१० होती. औषधे तीच, आहार तोच. "फिरणे चालू आहे ना?" असे विचारताच ते म्हणाले, "डॉक्टर, आता कोणाबरोबर फिरू?" त्यांचा चौदा वर्षांचा मोती दोन महिन्यांपूर्वी गेला होता. बाहेर रुग्णांची रांग होती. "दुसरे पिल्लू आणा," असे म्हणून मी मोकळा झालो. त्यानंतर तीन महिने ते दवाखान्याकडे फिरकले नाहीत. माझे ते वाक्य मला आजही खुपते.

पाळीव प्राणी गेल्यावर घरी कोणी भेटायला येत नाही, सुतक नसते, दहावे-तेरावे नसते. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाकडे केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली लक्ष वेधले. शरीराला मात्र ते दुःख खरेच वाटते. लाडक्या कुत्रीच्या मृत्यूनंतर छातीत तीव्र वेदना होऊन रुग्णालयात आलेल्या एका अमेरिकी स्त्रीची नोंद २०१७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्या हृदयाच्या धमन्यांत अडथळा नव्हता. मानसिक आघाताने हृदयाचा स्नायूच तात्पुरता दुबळा झाला होता. म्हणून अशा वेळी छातीत दुखले, तर 'मनाला लागले आहे' असे समजून थांबू नका. लगेच ईसीजी काढून घ्या.

शिक्षकांच्या सुनेने माझ्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग काढला. अंगणात मोती जिथे ऊन खात बसायचा, तिथे तिने त्याच्या स्मृतीचा एक वाफा केला आणि नाव कोरलेल्या विटांनी त्याला कड बांधली. आपल्या घरी असे काही करावयाचे असल्यास तिच्या अनुभवातील काही गोष्टी उपयोगी पडतील.

भट्टीची साधी लाल वीट कोरण्यास मऊ असते, पण पाणी शोषते. चार पावसाळ्यांत अक्षरे झिजतात. चांगली भाजलेली कठीण वीट घ्यावी, किंवा विटेच्या आकाराचा कडाप्पा अथवा ग्रॅनाइटचा तुकडा कापून घ्यावा. दारावरच्या नावाच्या पाट्या कोरणारे कारागीर हे काम करतात. देवनागरीला वेलांट्या आणि मात्रांसाठी वर-खाली जागा लागते. एका विटेवर दोनच ओळी ठेवा आणि कोरण्यापूर्वी मजकूर कागदावर लिहून दोघांकडून वाचून घ्या. मजकूर मात्र घरातील ज्येष्ठांनाच सांगू द्या. आमच्या शिक्षकांनी एका विटेवर नाव आणि दुसऱ्यावर केवळ 'चल, निघू या' एवढेच कोरून घेतले.

वाफा जमिनीलगत नको. गुडघे आणि कंबर यांचा विचार करून तो दीड-दोन फूट उंच बांधावा. रुंदीही दोन फुटांच्या आतच असावी, म्हणजे वाकावे लागत नाही. शेजारी हात असलेली, न हलणारी खुर्ची हवी. पायवाटेतील विटा सपाट बसवाव्यात. अर्धा इंच वर आलेली वीट खुब्याचे हाड मोडण्यास पुरेशी असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. सदनिकेत राहणाऱ्यांना गच्चीत एक लांब कुंडी आणि दोन विटा पुरतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

मोगरा, गोकर्ण, तुळस लावावी. कण्हेर नको; ती माणसाला आणि जनावरालाही विषारी आहे. घरात मांजर असेल तर लिलीही टाळा. अस्थी किंवा राख मिसळायची असल्यास थोडी आणि भरपूर मातीत. जास्त राखेने रोपे जळतात. प्राण्याचे दफन स्वतःच्याच जागेत, विहिरीपासून दूर आणि चार फूट तरी खोल करावे. सोसायटीच्या बागेत परस्पर खड्डा खणू नये. महापालिकेत आधी चौकशी करावी.

स्मृतिभ्रंश झालेली आजी रोज "मनी कुठे आहे?" असे विचारत असेल, तर रोज नव्याने मृत्यूची बातमी देऊ नका. तिला वाफ्यापाशी बसवा, नाव वाचू द्या, मनीच्या खोड्या तिच्याकडून ऐका.

वाफ्याने सारे भागतेच असे नाही. दोन आठवड्यांनंतरही जेवण, झोप आणि बोलणे पूर्ववत झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याच दिवशी. १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक रात्रीही उपलब्ध असतो.

शिक्षक आता रोज सकाळी झारी घेऊन वाफ्यापाशी जातात आणि तिथून मारुतीच्या देवळापर्यंत फिरून येतात. साखर अजून १५० च्या आसपास आहे. औषध थोडे वाढवावे लागले. गेल्या महिन्यात मी त्यांची क्षमा मागितली. ते हसले आणि पावसाळ्यात विटांवरचे शेवाळ कशाने निघेल, ते विचारू लागले. ताठ ब्रशने निघते; पण ते काम सुनेकडे द्यावे आणि पाऊस थांबेपर्यंत त्या पायवाटेवर चपला घालून जाऊ नये, असे मी त्यांना सांगितले आहे.