एक वेबसाइट, चार उपसाइट: बिघाड नेमका कुठे शोधायचा?

पावसात आलेल्या बकरी ईदची गोष्ट. आदल्या रात्री अकराच्या सुमारास ट्रस्टींनी ठरवलं की ईदगाहवर चिखल झालाय, नमाज जामा मशिदीत होईल. साइट सांभाळणाऱ्या आमच्या मुलानं लगेच सूचना टाइप केली. फजरला उठणाऱ्यांना ती सगळ्यात वर दिसावी म्हणून पहाटे पाचची वेळ लावली आणि झोपला. सूचना साइटवर उमटली सकाळी साडेदहाला. तोवर नमाज होऊन लोक कुर्बानीच्या कामाला लागले होते. बरेच जण ईदगाहच्या फाटकापर्यंत जाऊन, भिजून, परत मशिदीकडे पळाले होते. त्यात माझे सासरेही होते, त्यामुळे घरी मला काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही.

मुलाला सगळ्यांनी झापलं. पण त्यानं वेळ बरोबरच लावली होती. चुकीचं होतं ते त्या उपसाइटचं घड्याळ. नवी उपसाइट उघडली की ती सहसा जागतिक प्रमाण वेळेवर चालते. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. तिथले पहाटेचे पाच म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. मुख्य साइटवर आम्ही पहिल्याच दिवशी ‘कोलकाता’ वेळ निवडली होती आणि ती सगळीकडे लागू झाली असेल असं धरून चाललो होतो. ती झाली नव्हती. प्रत्येक उपसाइटच्या ‘जनरल सेटिंग्ज’मध्ये जाऊन वेळ वेगळी निवडावी लागते.

मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. बी.एड. झालेली शिक्षिका आहे, मुलांना उर्दू आणि इतिहास शिकवते. पण जमातीची साइट, शाळेचं पान, वाचनालय, शिष्यवृत्ती समिती आणि एक उर्दू विभाग असं सगळं एकाच ठिकाणी आणायचं ठरलं तेव्हा ‘बाजी, तुम्ही बघा’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आता इतर गावांतून फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून हे लिहिते आहे.

मल्टिसाइट म्हणजे काय?

आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांच्या साइट वर्डप्रेसवर असतात, कारण ते मोफत आहे. एकाच वर्डप्रेसमधून अनेक साइट चालवण्याची सोय म्हणजे मल्टिसाइट. पूर्वी त्यासाठी ‘वर्डप्रेस एमयू’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागे. 2010 साली आलेल्या 3.0 आवृत्तीपासून ते मूळ वर्डप्रेसमध्येच सामील झालं.

एखादी चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर पाण्याची टाकी एकच, विजेचं मुख्य मीटर एकच, पण प्रत्येक घराचा नळ वेगळा आणि किल्ली वेगळी. पाणी गेलं की आपण आधी शेजारी विचारतो, ‘तुमच्याकडे येतंय का?’ इथेही पहिला प्रश्न हाच. सगळ्या साइट बंद आहेत की एकच? सगळ्या बंद असतील तर बिघाड टाकीत, म्हणजे होस्टिंग, डोमेन किंवा डेटाबेसमध्ये. एकच अडली असेल तर बिघाड तिच्याच नळाला. एवढं विचारलं तरी निम्मी धावपळ वाचते.

सामाईक काय? वर्डप्रेसच्या फायली, प्लगिन आणि थीम, वापरणाऱ्यांची यादी, डेटाबेस. स्वतंत्र काय? लेख, फोटो, मेनू, भाषा, घड्याळ, आणि कोणाला काय करता येईल ते अधिकार.

सुरुवातीलाच अडतं ते इथे

मल्टिसाइट चालू करण्यासाठी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते. ती घातली की ‘टूल्स’ मेनूत ‘नेटवर्क सेटअप’ दिसायला हवं. दिसत नसेल तर दहातल्या आठ वेळा ती ओळ फाइलच्या अगदी शेवटी चिकटवलेली असते. त्या फाइलमध्ये इंग्रजीत ‘इथे संपलं, यापुढे बदल करू नका’ अशा अर्थाची ओळ असते, तिच्या वर ती घालायची. त्या ओळीनंतर वर्डप्रेस कामाला लागलेलं असतं, मग तुमची सूचना ऐकायला कोणी नसतं.

दुसरी खोड अवतरणचिन्हांची. कोणीतरी ती ओळ व्हॉट्सअॅपवर पाठवतं, आपण ती वर्डमध्ये पेस्ट करतो, वर्ड सरळ चिन्हांची वाकडी चिन्हं करून देतं आणि साइट पांढरीफटक पडते. घाबरू नका. साध्या नोटपॅडमध्ये ती चिन्हं हातानं परत टाइप करा. आणि मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवा. मी काढली नव्हती, पहिली रात्र त्यातच गेली.

‘नेटवर्क सेटअप’ उघडलं की वर्डप्रेस आधी सगळे प्लगिन बंद करायला सांगतं. मग उपसाइटचे पत्ते कसे हवेत ते विचारतं. मुख्य पत्त्यानंतर तिरकी रेघ देऊन ‘शाळा’, की मुख्य पत्त्याच्या आधी टिंब देऊन ‘शाळा’? पहिल्याला सबडिरेक्टरी म्हणतात, दुसऱ्याला सबडोमेन. साइट महिन्याभरापेक्षा जुनी असेल तर पहिला पर्याय वर्डप्रेस सहसा दाखवतच नाही, कारण जुन्या पानांचे पत्ते आणि नव्या उपसाइटचे पत्ते एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून लहान गावाच्या संस्थेला माझा सल्ला असा की मल्टिसाइट करायची असेल तर अगदी पहिल्या दिवशी करा आणि सबडिरेक्टरी घ्या. सबडोमेन दिसायला ऐटदार, पण त्याची देखभाल करणारा माणूस लागतो.

सबडिरेक्टरीतली नेहमीची तक्रार अशी: उपसाइट उघडते, पण रंग नाही, मांडणी नाही, नुसती अक्षरं. डॅशबोर्ड उघडायला गेलं तर पान स्वतःभोवतीच गरगरत राहतं. सेटअपच्या शेवटी वर्डप्रेस दोन मजकूर देतं, त्यातला पहिला लोक टाकतात आणि दुसरा विसरतात. तो ‘एचटीअॅक्सेस’ या फाइलमध्ये जुन्या नियमांच्या जागी टाकायचा असतो. ही फाइल टिंबानं सुरू होते म्हणून फाइल मॅनेजरमध्ये लपलेली असते. ‘लपलेल्या फायली दाखवा’ हा पर्याय निवडल्याशिवाय दिसत नाही. ‘मॅडम, अशी फाइलच नाहीये’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय!

सबडोमेन घेतलंच असेल तर लक्षणावरून जागा ओळखता येते. ‘सर्व्हर सापडत नाही’ असं आलं तर डोमेनच्या डीएनएसमध्ये तारांकनाची नोंद, म्हणजे वाइल्डकार्ड, राहिली आहे. होस्टिंगवाल्याचंच एखादं कोरं पान उघडलं तर नोंद आहे, पण होस्टिंगमध्ये ते तारांकन वर्डप्रेसच्या फोल्डरला जोडलेलं नाही. आणि ‘कनेक्शन खासगी नाही’ असा लाल इशारा आला तर प्रमाणपत्र फक्त मुख्य नावाचं आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2018 पासून वाइल्डकार्ड प्रमाणपत्रही मोफत देते. मात्र त्यासाठी डीएनएसमधून पडताळणी करावी लागते, आणि आपोआप नूतनीकरण लावलेलं नसेल तर 90 दिवसांनी इशारा पुन्हा हजर.

1500 केबीची गंमत

ही गंमत मात्र महागात पडली. शिष्यवृत्तीचा अर्ज स्कॅन करून पीडीएफ तयार होता, चार एमबीचा. समितीच्या उपसाइटवर तो चढेचना. आम्ही होस्टिंगवाल्याला फोन लावत राहिलो. तो म्हणे, आमच्याकडे मर्यादा 64 एमबी आहे, अडचण तुमच्याकडे. यात चार दिवस गेले, आणि शेवटची तारीख जवळ. एका मुलीचे वडील रोज कामावरून येताना मला विचारायचे, ‘टीचर, फॉर्म आला का?’

तो माणूस बरोबर बोलत होता. मल्टिसाइटमध्ये ‘नेटवर्क सेटिंग्ज’ नावाचं वेगळं पान असतं, आणि तिथे एका फाइलची मर्यादा सुरुवातीला 1500 केबी असते, म्हणजे जेमतेम दीड एमबी. मोबाइलचा एक फोटोसुद्धा त्यात मावत नाही. उपसाइटच्या अॅडमिनला हे पान दिसतच नाही, ते फक्त सुपर अॅडमिनला दिसतं. आकडा बदलायला अर्धा मिनिट लागलं. त्या मुलीचा अर्ज शेवटच्या दिवशी गेला.

हे दिसणं न दिसणंच पुष्कळ भांडणांचं मूळ आहे. ‘मला अॅडमिन केलं म्हणता, मग प्लगिन का टाकता येत नाही?’ कारण मल्टिसाइटमध्ये प्लगिन आणि थीम फक्त सुपर अॅडमिन बसवतो. ‘थीम बसवली, पण आमच्याकडे दिसत नाही.’ कारण ती नेटवर्कसाठी खुली करावी लागते. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही.’ कारण नाव सगळ्या इमारतीच्या यादीत आहे, पण या घरात त्याला कोणी जोडलेलं नाही. त्या उपसाइटच्या ‘युजर्स’मध्ये ‘आधीचा सदस्य जोडा’ असा पर्याय असतो. जोडताना पुष्टीचा ईमेल जातो, तो पुष्कळदा स्पॅममध्ये पडतो. सुपर अॅडमिन ईमेलशिवायही जोडू शकतो.

मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी

प्रत्येक उपसाइटची भाषा वेगळी ठेवता येते, आणि आपल्यासारख्या घरांसाठी मल्टिसाइटचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. उर्दू निवडली की सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे होते. मात्र भाषेच्या फायली उतरवण्याचा अधिकारही सुपर अॅडमिनकडेच असतो. सगळ्या थीम उजव्या बाजूनं नीट उभ्या राहत नाहीत, तेव्हा आधी कोऱ्या उपसाइटवर बघून घ्या.

अक्षर नस्तालीकच हवं असा आमच्या बुजुर्गांचा आग्रह होता. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो. तो लावल्यावर दोन ओळींतलं अंतर वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतात.

जुन्या इनपेजमधला मजकूर तसाच पेस्ट केला तर अगम्य चिन्हं येतात. मराठीत श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या मजकुराचंही तेच. साइट बिघडलेली नसते, मजकूर युनिकोडमध्ये नसतो. आधी रूपांतर करा, मग पेस्ट करा. पण अक्षरांच्या जागी सरळ प्रश्नचिन्हांची रांग आली तर गोष्ट वेगळी. डेटाबेस जुन्या पद्धतीचा आहे, त्याला आपली लिपी साठवताच येत नाही. तो ‘यूटीएफ-8-एमबी-4’ करून घ्यावा लागतो. प्रश्नचिन्ह झालेला मजकूर परत येत नाही, नव्यानं टाइप करावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मराठी शीर्षक दिलं की पानाचा पत्ताही मराठीतून बनतो. कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते. वर्डप्रेस पत्त्याच्या त्या भागाला 200 खुणांची जागा देतं. देवनागरीचं एक चिन्ह त्यातल्या नऊ खाऊन टाकतं, म्हणजे बावीस-तेवीस चिन्हांतच पत्ता तुटतो. पत्ता हातानं छोटा, इंग्रजी अक्षरांत द्या.

किल्ली कोणाकडे?

तांत्रिक बिघाडांपेक्षा या प्रश्नानं जास्त साइट बुडालेल्या मी पाहिल्या आहेत. आमचंही डोमेन एका तरुणाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं होतं. तो नोकरीसाठी आखातात गेला, नूतनीकरणाचे ईमेल त्या जुन्या पत्त्यावर जात राहिले, आणि एका शुक्रवारी पाचही साइट एकदम गायब. त्यानं बिचाऱ्यानं तिकडून रात्री जागून मदत केली, जादा पैसे भरून डोमेन सुटलं. मुदतीनंतर काही काळ असं सोडवून घेता येतं. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो, आणि मग तुमच्या जमातीच्या नावावर काय दिसेल ते सांगता येत नाही.

आता डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर आहे. पासवर्डाचा कागद सदरांच्या कपाटात, बंद पाकिटात आहे. सुपर अॅडमिन दोन आहेत, एक मी आणि एक कॉलेजचा मुलगा, दोघंही वेगवेगळ्या घरांतले. तिसरा मुद्दाम केला नाही. सुपर अॅडमिनला पाचही साइट एका बोटानं पुसता येतात.

बॅकअपचंही त्याच ओघात सांगते. डेटाबेस एकच असतो, फक्त प्रत्येक उपसाइटच्या तक्त्यांना वेगळा क्रमांक असतो, आणि तिचे फोटो ‘अपलोड्स’मधल्या ‘साइट्स’ फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाखाली असतात. वाचनालयाच्या साइटवर काही बिघडलं म्हणून कालचा पूर्ण बॅकअप चढवला, तर शाळेनं आज टाकलेला निकालही पुसला जातो. म्हणून होस्टिंगवाल्याला ‘बॅकअप टाका’ असं मोघम सांगू नका. कोणत्या क्रमांकाची उपसाइट, किती तारखेचा बॅकअप आणि फक्त तिचेच तक्ते, असं लिहून द्या. क्रमांक बघायचा असेल तर नेटवर्कच्या ‘साइट्स’ यादीत त्या नावावर क्लिक करा, वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी दिसतो. आमच्या वाचनालयाचा तीन आहे, शिष्यवृत्ती समितीचा चार. हे क्रमांकही त्याच पाकिटात लिहून ठेवले आहेत.