दुखणे थांबले, तरी धोका टळला असे नाही

लहान मुलाच्या पोटात दुखू लागले की घरातील वडीलधारी मंडळी आधी त्याने काय खाल्ले याचा हिशेब मांडतात. बेंबीभोवती हिंग लावला जातो, ओवा दिला जातो, क्वचित एरंडेलही पाजले जाते. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. परंतु आंत्रपुच्छाला, म्हणजेच अपेंडिक्सला, सूज आलेली असेल तर एरंडेल घातक ठरू शकते.

या दुखण्याची चाल ओळखण्याजोगी आहे. कळ बेंबीपाशी सुरू होते, काही तासांत उजव्या ओटीपोटात उतरते. उलटी बहुधा कळेनंतर येते, मूल वाकून चालते, उडी मारायला तयार होत नाही. पाच वर्षांखालील मुलाला मात्र हे धड सांगता येत नाही. ते नुसते किरकिरते. जुलाब झाले तर सारे अपचनावर ढकलले जाते. शिवाय आतड्यांवरील चरबीचा पडदा या वयात पातळ असल्याने पू एका जागी रोखला जात नाही. म्हणूनच इतक्या लहान वयात निदानापूर्वीच आंत्रपुच्छ फुटलेले असण्याचे प्रमाण मोठे आहे. फुटल्यावर आतील ताण सुटून काही काळ कळ ओसरते, आणि हीच सर्वांत फसवी घटका. घरची माणसे निश्चिंत होऊन दुकानी जातात. दुकान वाढवून परततात तेव्हा मूल तापाने फणफणलेले असते, पोट फुगून कडक झालेले असते.

अशा फुटलेल्या आंत्रपुच्छावरच 1735 साली लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमियांड यांनी पहिली नोंदलेली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण होता 11 वर्षांचा मुलगा. गिळलेल्या टाचणीने आंत्रपुच्छाला भोक पडले होते, आणि भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती!

आज प्रथम शिरेवाटे सलाईन व प्रतिजैविके सुरू होतात. पू पोटभर पसरला असेल, तर प्रकृती सावरताच बहुधा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. मात्र काही दिवस उलटून पुवाची बंदिस्त गाठ झाली असेल, तर चिकटलेल्या आतड्यांना इजा होण्याचे भय असते. तेव्हा अनेक शल्यचिकित्सक सोनोग्राफीच्या आधारे नळीने पू काढतात व आंत्रपुच्छ सहा ते आठ आठवड्यांनी काढतात. ‘आजच का कापत नाहीत?’ हा आजोबांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण ही टाळाटाळ नव्हे.

घरी आल्यावर पुन्हा ताप, पोटदुखी वा जुलाब सुरू झाले, तर पोटात पू साठल्याची शक्यता धरून मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात परत न्यावे.