सोमलाचा बंदोबस्त

उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील ज्या गावी हे यंत्र पाहावयास मी गेलो, तेथे प्रथमदर्शनी विस्मय वाटावा असे काही दिसत नाही. हापशाच्या शेजारी सिमेंटच्या ओट्यावर पुरुषभर उंचीचे एक पोलादी नळकांडे उभे आहे. त्याला दोन-चार झडपा, माथ्याशी हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली भोके, आणि बाजूस वाळूने भरलेली एक टाकी, एवढाच त्याचा सरंजाम. विजेची जोडणी नाही. हापशाच्या दांड्यावर पडणारा माणसाचा भार हीच त्याची शक्ती. नळकांड्याच्या पोटात सक्रियित अल्युमिनाचे शंभर लिटर पांढरे दाणे भरलेले असून, कूपनलिकेतून पाण्याबरोबर वर येणारा सोमल, ज्याला रसायनशास्त्र आर्सेनिक म्हणते, तो धरून ठेवण्याचे काम हे दाणे करतात. स्वस्त जलशुद्धीच्या साधनांवर एक सर्वसाधारण लेख लिहावा, अशी संपादकांची सूचना होती. परंतु या दाण्यांनी आणि त्यांची निगा राखणाऱ्या गृहस्थांनी माझे लक्ष असे वेधून घेतले की बाकीच्या साधनांची टिपणे वहीतच राहिली.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. तळ्यांच्या आणि उघड्या विहिरींच्या पाण्यातून पटकी-हगवण पसरते म्हणून गंगेच्या त्रिभुज प्रदेशात गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी काही खेडुतांच्या अंगावरील काळसर ठिपके आणि तळहातांवरील घट्टे पाहून सोमलाच्या विषबाधेचे निदान केले, आणि पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी वर्षानुवर्षे नमुने तपासून या संकटाचा विस्तार जगापुढे मांडला. अमेरिकेतील लिहाय विद्यापीठाचे प्राध्यापक अरूप सेनगुप्ता यांनी शिबपूरच्या बंगाल इंजिनियरिंग कॉलेजच्या साहाय्याने १९९७ पासून गावोगाव हे स्तंभ उभारले. २००७ साली त्यांना ग्रेंजर पारितोषिकांतील रौप्य मिळाले. सुवर्ण मिळाले ते बांगलादेशचे अबुल हुसाम यांच्या सोनो गाळणीस, जिच्यात हेच काम बिडाच्या किसावर सोपविलेले आहे.

दाणा हातात घेतला तर खडबडीत खड्यापलीकडे काही जाणवत नाही. परंतु तो आतून इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅममधील रंध्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दोनशे चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील. साधारण पाण्यात या भिंतींवर धन प्रभार असतो, आणि सोमलाचे एक रूप, आर्सेनेट, ऋण प्रभार घेऊन वावरते. तेव्हा ते भिंतीकडे ओढले जाते आणि तेथे रासायनिक बंधाने जखडले जाते. यालाच अधिशोषण म्हणतात. अडचण सोमलाच्या दुसऱ्या रूपाची. जमिनीखाली प्राणवायूच्या अभावी त्याचा मोठा अंश आर्सेनाइटच्या रूपात असतो, आणि त्यावर प्रभारच नसल्यामुळे तो दाण्यांच्या हाती सहजासहजी लागत नाही. येथे साहाय्यास येते ते लोह. बंगालच्या या पाण्यात लोह विपुल असते. त्याने भात पिवळा पडतो, कपड्यांवर डाग चढतात, आणि बायका त्याला कंटाळलेल्या असतात. परंतु हेच पाणी स्तंभाच्या माथ्यावर शिंतोड्यांनी पडून हवेशी मिसळले की विरघळलेले लोह तांबूस साक्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि खाली बसताना दोन्ही रूपांतील पुष्कळसा सोमल आपल्या अंगाला लावून घेते. गृहिणींनी ज्याला उपद्रव मानले, त्या लोहाने निम्मे कार्य आधीच उरकलेले असते, ही गोष्ट मला या यंत्रातील सर्वांत सुंदर वाटली.

हा साका रोज काढावा लागतो, आणि ते काम गावच्या निवृत्त शिक्षकांकडे आहे. सारे त्यांना मास्टरमोशाय म्हणतात. सकाळची गर्दी ओसरली की ते दोन झडपा फिरवतात आणि मुलांना हापसा मारावयास सांगतात. मग पाणी उलट्या दिशेने, खालून वर, दाण्यांच्या थरातून चढू लागते, थर किंचित उचलला जातो, आणि बाजूच्या नळीतून विटेच्या भुकटीसारखे लाल पाणी वाळूच्या टाकीत पडू लागते. मास्टरमोशाय त्या धारेखाली तळहात धरून उभे राहतात. दहा-पंधरा मिनिटांनी तळहाताच्या रेषा पाण्याखालून स्पष्ट दिसू लागल्या की ते हात वर करतात, मुले थांबतात, झडपा पूर्ववत होतात. नंतर चौकोनी रेघांच्या वहीत तारीख आणि धुण्याची वेळ यांची नोंद होते; त्याच वहीच्या मागील पानांवर घरोघरच्या मासिक वर्गणीचा जमाखर्च आहे. ‘‘लाल पाणी आले नाही, तर मला झोप लागत नाही,’’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते अक्षरशः खरे असावे.

परंतु त्या लाल रंगातच एक धोका आहे. लोह डोळ्यांना दिसते. सोमलाला रंग, वास, चव यांपैकी काहीही नाही. असा एक स्तंभ सरासरीने आपल्या दाण्यांच्या आकारमानाच्या दहा हजार पट, म्हणजे सुमारे दहा लाख लिटर पाणी शुद्ध करतो, आणि मग दाणे तृप्त होतात. तृप्त झाल्यावरही साका मात्र पूर्वीप्रमाणेच अडत राहतो. पाणी नितळ येते, भात पांढरा शिजतो, गावाची खातरजमा होते, आणि सोमल हळूहळू घागरीत उतरू लागतो. प्रयोगशाळेतून ठराविक मुदतीने दाखला आल्यावाचून हे कोणासही कळणे शक्य नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बारुईपूर भागात बसविलेल्या निरनिराळ्या उत्पादकांच्या संयंत्रांवर दोन वर्षे नजर ठेवली असता, जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा सातत्याने राखणारे एकही आढळले नाही. देखभाल आणि तपासणी यांची तजवीज न करता उद्घाटन उरकण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिचा हा परिणाम आहे, असे मला वाटते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. तृप्त दाणे मध्यवर्ती ठिकाणी नेऊन दाहक सोड्याच्या द्रावणाने धुतले, मग सौम्य आम्लाने शमविले, की ते पुन्हा कामास येतात. पण धुऊन निघालेला सोमल कोठे जावयाचा? अधिशोषणाने विषाचा नाश होत नाही. लक्षावधी लिटरांत पसरलेले विष एका घमेल्यात गोळा होते, इतकेच. हे घमेले खड्ड्यात पुरावे, अशी सूचना सहज सुचते, आणि तीच सर्वांत घातक आहे. कुजणाऱ्या पदार्थांच्या सान्निध्यात, हवा न पोचणाऱ्या जागी लोहाचा साका पुन्हा विरघळतो आणि धरलेला सोमल सोडून देतो. त्रिभुज प्रदेशाच्या गाळातून तो भूजलात आला तोही बहुतांशी याच क्रियेने. म्हणूनच हा साका उघड्या, हवेशीर वाळूच्या टाकीत जपून ठेवावा लागतो. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यातील फ्लोराइड काढण्यासाठी हेच दाणे वापरावयाचे झाल्यास, धुण्यातून निघणाऱ्या द्रावणाचा प्रश्न तेथेही आरंभापासूनच विचारावा लागेल.

आता जिल्ह्याच्या काही भागांत गंगेचे शुद्ध केलेले पाणी नळाने येऊ लागले आहे, आणि ते येणे सर्वथा इष्ट आहे. पण नळ आला की हापशाकडे कोणी फिरकत नाही, वर्गणी थांबते, आणि विषाने भरलेला स्तंभ व वाळूची टाकी ओट्यावर बेवारस उरतात. मास्टरमोशायांनी गावच्या पाणी समितीपुढे एक ठराव ठेवला आहे: हापसा बंद पडला तरी दाण्यांचा आणि साक्याचा ताबा कोणी व कोणत्या तारखेस घेतला, याची लेखी नोंद झाल्याखेरीज ओटा मोडू नये. समितीतील बहुतेकांना नळाच्या तोटीचीच ओढ लागल्याने ठराव दोन सभांत पुढे ढकलला गेला. तिसऱ्या सभेसाठी त्यांनी तो पुन्हा लिहून काढला आहे, आणि या वेळी त्याखाली वर्गणीदार घरांतील बायकांच्या सह्या ते स्वतः हिंडून गोळा करीत आहेत.