हेडलाइट बदलण्याआधी

साहित्य मंडळाच्या अंकात हेडलाइटवर लेख कशाला, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. कारण घरचंच आहे.

दादानं एक सेकंडहँड जर्मन सेडान घेतली. गाडी छान, पण मॉडेल खालचं, त्यामुळे दिवे साधे हॅलोजनचे. बेळगावहून गोव्याला आम्ही नेहमी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असे जातो. धुक्यात आणि वळणांवर काहीच दिसत नाही म्हणून त्यानं बाजारातले झगझगीत एलईडी बल्ब त्याच दिव्यांत बसवून घेतले. नोव्हेनाच्या दिवसांत एका पहाटे आम्ही जुन्या गोव्याला निघालो. दादा खूश. "किती लख्ख दिसतंय बघ की!"

कणकुंबीच्या पुढे एका वळणावर समोरून गाडी आली. आमच्या उजेडानं त्या ड्रायव्हरचे डोळे दिपले आणि गाडी एकदम त्याच्या डाव्या कडेला गेली. त्या कडेनं चालत जुन्या गोव्याला निघालेले यात्रेकरू होते. एक बाई पिशवीसकट चरात उतरली म्हणून वाचली. कुणाला लागलं नाही. थोडं पुढे गेल्यावर पप्पा एवढंच म्हणाले, "तुला दिसलं रे, पण त्याला काय दिसलं?"

दादानं दुसऱ्याच दिवशी ते बल्ब काढले आणि ठरवलं की आता नीटच करायचं. वरच्या मॉडेलचे अडॅप्टिव्ह हेडलाइट आणून बसवायचे. माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. जे कळलं ते इथे मांडते.

बल्ब बदलला तर बिघडतं काय?

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, आरसा किंवा भिंग आणि पुढची काच यांचं मिळून ते एक गणित असतं. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत असलेला एच-फोर बल्ब घ्या. त्यात दोन तारा असतात. लो बीमच्या तारेखाली धातूची छोटीशी वाटी असते. त्यामुळे त्या तारेचा उजेड आरशाच्या वरच्याच भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. भिंतीवर लो बीम टाकला की वर अंधार, खाली उजेड अशी स्पष्ट रेघ दिसते, ती यामुळेच. तार जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, आणि आरशाचा आकार तिच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराची, वेगळ्या बाजूंना उजेड फेकणारी एलईडी बसवली की रेघ फिसकटते. उजेड वाढतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत.

अडॅप्टिव्ह म्हणजे काय?

ही कल्पना जुनीच आहे. १९६७ साली सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीत स्टीअरिंगबरोबर वळणारे दिवे आले होते. आज दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचा वेग बघून दिवा मोटरनं डावी-उजवीकडे वळतो. दुसरा मॅट्रिक्स. यात एका दिव्यात अनेक एलईडी असतात आणि काचेमागचा कॅमेरा समोरची गाडी ओळखून तेवढ्याच भागातला उजेड विझवतो किंवा मंद करतो. बाकीचा रस्ता हाय बीमनं उजळलेलाच राहतो. २०१३ साली ऑडी ए-एट गाडीत प्रत्येक दिव्यात हाय बीमसाठी असे २५ एलईडी होते. अमेरिकेच्या नियमांत मात्र अशा दिव्यांना २०२२ मध्येच जागा मिळाली.

म्हणजे पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर या दिव्यात आहे. समोरच्याला काय दिसतंय याचा विचार तो स्वतःच करतो. मग घोडं कुठे अडतं?

नुसता दिवा आणून भागत नाही

वरच्या मॉडेलचा दिवा खालच्या मॉडेलच्या खोबणीत बहुधा बसतो. तिथेच आपण फसतो. कारण त्या दिव्याला गाडीकडून सतत माहिती लागते. स्टीअरिंगचा कोन आणि वेग आजच्या बऱ्याच गाड्यांच्या अंतर्गत नेटवर्कवर आधीच असतो. पण मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. ते ओळखून दिवा खाली करण्यासाठी चाकांच्या सस्पेन्शनजवळ उंची मोजणारे सेन्सर लागतात. ते खालच्या मॉडेलमध्ये नसतील तर तेही बसवावे लागतात. मॅट्रिक्स असेल तर योग्य कॅमेरा हवा. वेगळी वायरिंग हवी, दिव्यांचं कंट्रोल मॉड्यूल हवं. मग गाडीच्या कॉम्प्युटरला "आता तुझे दिवे हे आहेत" असं कोडिंग करून सांगावं लागतं आणि शेवटी सगळं कॅलिब्रेट करावं लागतं. काही कंपन्यांचे भाग मूळ गाडीशी कुलूपबंद असतात. दुसऱ्या गाडीत ते कंपनीच्या सिस्टीमशिवाय चालू होत नाहीत. यातलं एखादं राहिलं तर डॅशबोर्डवर एरर येतो आणि महागडा दिवा साध्या दिव्यासारखा एका जागी थिजून राहतो.

बाण बघा

दादाला बाहेरून आलेली एक जोडी स्वस्तात मिळत होती. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी फोटो मोठा करून काचेवरचे शिक्के बघितले आणि म्हणाले, "हे आपल्या रस्त्याचे नव्हेत." आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला लो बीम डाव्या कडेला थोडा वर चढतो आणि उजवीकडे, समोरच्याच्या बाजूला, खाली राहतो. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये याच्या उलट. युरोपीय नियमांप्रमाणे डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या दिव्यावर आडवा बाण असतो. दिव्यासमोर उभं राहिलं की तो आपल्या उजवीकडे रोखलेला दिसतो. दोन्हींकडे चालणाऱ्या दिव्यावर दुतोंडी बाण असतो. बाणच नसेल तर तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. त्या जोडीवर बाण नव्हता. ती बसवली असती तर आम्ही पुन्हा समोरच्याच्याच डोळ्यांत उजेड मारला असता, आणि तोही जास्त पैसे मोजून!

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावं, आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला कळवावं. अपघातानंतर हे प्रश्न निघाले तर फार उशीर झालेला असतो.

मग आम्ही काय केलं?

हिशेब मांडल्यावर दादानं अडॅप्टिव्हचा नाद सोडला. पिवळी पडलेली पुढची काच पॉलिश करून घेतली. मूळ वॅटेजचे चांगले हॅलोजन बल्ब जोडीनं बदलले. मेस्त्रींनी अर्थिंगची गंजलेली जोडणी साफ केली. हॅलोजनला व्होल्टेज थोडं जरी कमी मिळालं तरी उजेड पुष्कळ घटतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी दिव्यांचा कोन. हे तुम्हीही तपासू शकता. सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर असू दे, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसू दे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीवर खूण करा. दिव्यावर किंवा बॉनेटखाली १ टक्का असं लिहिलेलं असेल, तर लो बीमची रेघ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. आमची रेघ खुणेच्या वर होती! म्हणजे ते एलईडी नसते तरी आम्ही थोडाफार त्रास देतच होतो.

आणि वेग. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिवा कुठलाही असो, जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ईस्टरला पुन्हा चोर्ल्यातून गेलो तेव्हा दादा घाटात ४० च्या वर गेला नाही. समोरून गाडी आली की मी तिच्या ड्रायव्हरकडे बघत होते. कुणीही डोळ्यांवर हात धरला नाही.