महावीराचार्यांचा अंकहार

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. च्या ९व्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढून ती पुन्हा एकावर उतरते. गळ्यातील हाराप्रमाणे दोन्ही टोकांकडून सारखीच.

२७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की हा हार गुंफला जातो. कारण पहिली संख्या ५२९१ चा वर्ग, दुसरी २१ चा; आणि ५२९१ × २१ = १११११११ नव्हे, नेमके सहा एकक : ११११११. त्याचाच वर्ग म्हणजे हा हार.

शनिवार पेठेतील पेढी उद्या सांभाळणाऱ्या मुलांनी हा गुणाकार यंत्राविना करून पाहावा. एक हातचा चुकला तरी हार तुटतो आणि चूक स्वतःच समोर येते. चोख हिशेबाचा हा आपला जुना वारसा आहे.